चौथा आणि नववा ग्लास

केमिस्टबाईंनी कागद त्याच्यासमोर ठेवला आणि त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. समोरचा माणूस कपडे बदलत असताना पाठ फिरवावी, तशा. कागदावर दोन आकड्यांना पेन्सिलीने गोल केलेले होते. चौथा ग्लास, अठ्ठ्याऐंशी. नववा ग्लास, बासष्ट. अक्षर त्याचंच होतं. आणि चौथ्या ग्लासात ज्या बाटलीतलं होतं त्याच बाटलीतलं नवव्यातही होतं, हे आता बाईंना ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं आणि पाच वाजता अहवाल वर गेला की सगळ्यांना ठाऊक होणार होतं. कंपनीची शंभरेक दारूची दुकानं, आणि त्या दुकानांत काय ठेवावं हे ठरवायला पाच चाखणाऱ्यांचं एक टेबल, बाई त्यांतल्याच एक. आज टेबलावर अकरा बर्बन होती. बर्बन म्हणजे मक्याची व्हिस्की, आतून जाळलेल्या कोऱ्या पिंपात मुरवलेली. अकराही स्वस्तातली आणि अकराही जहाल, सत्तावन्न टक्के अल्कोहोलच्या आसपासची, कारण कुणीतरी वर ठरवलं होतं की बेताच्या खिशाच्या माणसालाही कडक चीज मिळायला हवी. बाटल्या अकरा, पण ग्लास बारा. एक बाटली दोनदा, न सांगता. तो बारावा म्हणजे जुळा. जुळ्यांच्या गुणांत पाचाचा फरक चालतो, माणूस आहे. दहाच्या वर गेला की चाखणारा टेबलावरून उठतो आणि पुन्हा परीक्षा देईपर्यंत बसत नाही. त्याचा फरक सव्वीस होता. बाकी चौघांचे जुळे एकदोन गुणांच्या आत होते, सगळे त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या आसपास. ज्याला कचेरीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळे 'नाकसाहेब' म्हणत, त्याचं नाक कुणी कापलं नव्हतं. त्याने स्वतःच कापून, स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का, सर?" बाई खिडकीकडे बघतच म्हणाल्या. दार उघडं होतं. त्यातून नुसतं बाहेर पडायचं होतं. हो म्हणायचं, सर्दी आहे म्हणायचं, खरं सांगितलं असतं तरी बाईंनी ऐकलं असतं. पण तोंड कधीकधी माणसाच्या आधी पळतं. तो म्हणाला, "ग्लास नीट धुतला नसेल. नवव्याला मला साबण लागला." आणि लागला हा शब्द उच्चारताना त्याने नाकपुड्या किंचित आवळल्या, जसं खरोखरच्या आठवणीने आवळतो. त्या आवळलेल्या नाकपुड्यांची लाज त्याला पुढे दिवसभर पुरली. बाई वळल्या. "आज धुवायची पाळी माझी होती." टेबलाचा रिवाज असा की ग्लास चाखणाऱ्यांनीच पाळीपाळीने धुवायचे, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नुसतं गरम पाणी, आणि उपडे ठेवून वाऱ्यावर सुकवायचे. साबण नाही, फडकं नाही. साबण लागलेला ग्लास आठवडाभर खोटं बोलतो. पाळी कुणाची हे वहीत लिहायचं, आणि ग्लासात दोष निघाला तर त्या नावापुढे ठपका. वर्षात दोन ठपके पडले की टेबल सुटलं. बाईंचा एक मार्चमध्ये पडला होता. हे त्याला माहीत होतं. तोंड पळालं तेव्हाही माहीत होतं.

"मी तर गरम पाण्यानेच..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. नवव्या ग्लासाकडे गेल्या. तो तर केव्हाच रिकामा होऊन इतरांबरोबर पाण्यात पडला होता. तरी त्यांनी एक ग्लास उचलला, हुंगला, दुसरा उचलला. पन्नाशीच्या, चष्मा लावणाऱ्या, कधी एक गुण इकडचा तिकडे न करणाऱ्या बाई. "सकाळी घाई झाली होती खरी. हाताला काही लागलं असेल. तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच, सर." त्या म्हणाल्या, "मग तसं लिहिते. नववा ग्लास सदोष. तुमचा जुळा रद्द. पाचला अहवाल पाठवते." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. स्वतःच्या हातांपेक्षा त्यांनी त्याच्या नाकावर विश्वास ठेवला, आणि नाक तर जाग्यावरच नव्हतं. म्हणजे होतं, चेहऱ्याच्या मधोमध, चांगलं लांबसडक. पण आत आठ महिने सन्नाटा होता.

आठ महिन्यांपूर्वीची ती सर्दी साधी होती, चार दिवसांत गेली आणि जाताना घरातलं एक भांडं उचलून न्यावं तसं वास घेऊन गेली. पहिला आठवडा त्याला वाटलं, येईल परत. नाकात थेंब घातले, वाफा घेतल्या, एका परक्या भागातल्या डॉक्टरकडे चोरून जाऊन आला. डॉक्टर म्हणाला, येतो कधी, कधी येत नाही. घरी त्याने काही सांगितलं नाही. एका सकाळी तो ओट्याशेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसला होता आणि दूध उतू जाऊन, जळून, भांड्याचा तळ काळा होईपर्यंत बसूनच राहिला. बायको आतून धावत आली. "अरे, दोन हातांवर बसलायस. वास नाही आला तुला?" तो म्हणाला, "विचारात होतो." ती हसली, "जगाचे वास घ्यायचा पगार मिळतो, घरातलं फुकटचं कशाला हुंगेल." आणि खिडक्या उघडत सुटली. तो पेपर धरून बसला. पांढऱ्या धुरात बसलेला माणूस आणि धुराला वासच नाही. शब्द मात्र सगळे शाबूत होते, आणि त्याचं सगळ्यात मोठं आश्चर्य हेच होतं. दुकानांतल्या फळ्यांवर बाटलीखाली जी चिठ्ठी असते, 'आमची पसंती' अशी, खाली त्याची सही, ती तो पूर्वीसारखीच लिहीत होता. भाजलेली साखर, जुनं चामडं, संत्र्याची साल, पावसाळ्यात ठेवून दिलेली पुस्तकं. कुणाला काही कळलं नाही. उलट दुकानांतून निरोप आला की हल्ली साहेब फार छान लिहितात. इतकी वर्षं हुंगून लिहिलं तेव्हा कुणी चकार शब्द काढला नव्हता.

आणि गुण? गुण तो बाईंच्या भुवयांवरून देत असे. बाईंना काही आवडलं की त्यांची डावी भुवई चष्म्याच्या वर येई. शेजारचा टकला चाखणारा वाईट लागलं की पेन्सिल चावे. या दोघांच्या मधे बसून आठ महिने त्याने कुणाला संशयही येऊ दिला नव्हता. त्याचे जुळे इतके नेमके जुळत की वरच्या साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर वहीच उघडून दाखवली होती. पण आज सकाळी टेबलावर मधे मधे पुठ्ठ्याचे आडोसे उभे होते. साहेबांची नवी कल्पना. एकमेकांचे चेहरे दिसू नयेत. तो आडोशाच्या आत बारा ग्लासांसमोर बसला आणि शाळेत पाटी कोरी असताना गुरुजी ओळीतून पुढे येत असल्यासारखं त्याला झालं. पहिले तीन ग्लास त्याने अंदाजाने पंचाहत्तरीत टाकले. चौथा त्याने पाणी न घालता घेतला, आणि तो चावला. जिभेच्या कडा, टाळू, घसा, थेट कानापर्यंत. डोळ्यांत पाणी आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच बाहेरचं काहीतरी आत आलं होतं. कशालाही चव नाही, वास नाही, अशा त्या बंद घरात कुणीतरी दारावर लाथ मारली होती, आणि तो इतका आनंदला की थुंकायचं विसरून गिळून बसला. अठ्ठ्याऐंशी. पेन्सिल मोडेल इतक्या जोराने लिहिले. नवव्यात मात्र जुन्या सवयीने चमचाभर पाणी पडलं. धग गेली. राहिलं कोमट काहीतरी. बासष्ट. म्हणजे गुण त्याने दारूला दिलेच नव्हते. आपल्याला किती भाजलं त्याला दिले होते.

अर्धा दिवस टाकून तो बाहेर पडला तेव्हा त्याच्या खिशात त्याच जुळ्या बर्बनची औषधाएवढी लहान बाटली होती. चाखून उरलेलं घरी न्यायची मुभा असते. घरी मात्र तो गेला नाही. दोन बस सोडून तिसऱ्या बसमध्ये चढला, तेव्हा आपण मामाकडे निघालोय हे त्याच्या लक्षात आलं. लाज वाटली की माणूस एकतर तोंड लपवतो, नाहीतर आपल्यासारखाच तोंड लपवणारा दुसरा शोधतो. त्याच्या ओळखीत असा एकच होता.

मामानेच त्याला या धंद्यात आणलं होतं. कॉलेज नुकतंच संपलेलं, नोकरीचा पत्ता नाही, तेव्हा मामाने स्वयंपाकघरातल्या बारा डब्यांची झाकणं उघडून, डोळे बांधून त्याला एकेक ओळखायला लावला होता. अकरा ओळखले. बारावा रिकामा होता, आणि तोही त्याने "रिकामा, पण आधी इथे लवंग होती" म्हणून ओळखला. "हे नाक वाया घालवायचं नाही," मामा आईला म्हणाला. लोखंडाच्या, औषधाच्या, सुगंधी तेलाच्या नोकऱ्या फिरून झाल्यावर शेवटी मामाच्या टेबलाशी जागा निघाली. घरी 'मामा, तू' आणि कचेरीत 'साहेब, तुम्ही'. कायम व्हायला दोन महिने बाकी असताना त्याला कंपनीने कसल्याशा शिबिराला पाठवलं, आणि तिथून तो जुळ्याचा नियम शिकून आला. नवा मुसलमान मोठ्याने बांग देतो, तसा तो नियमाच्या मागे लागला. त्यानेच आराखडा केला, त्यानेच तो टेबलावर लावला. पहिल्याच परीक्षेच्या दिवशी पोरीला ताप होता, रात्र जागून काढलेली, तो उशिरा पोचला, घाईघाईने ग्लास पुसून मांडले आणि बसला. तासाभराने गुण वाचायचं काम त्याचंच होतं. सगळ्यांचे जुळे जुळले. मामाचे जुळले नाहीत. अकराचा फरक. त्याला कागद खाली ठेवून मामाला बाजूला घेता आलं असतं, जसं आज बाईंनी त्याला घेतलं. पण तो पंचविशीचा नव्हता की कळत नव्हतं असं म्हणावं, चांगला अडतीस वर्षांचा होता, आणि नियम त्याचा होता. "साहेब, तुमच्या जुळ्यांत अकराचा फरक आहे," त्याने मोठ्याने वाचलं. कुणीतरी खोकलं. मामाने त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ, रागाने नाही. मग स्वतःचा ग्लास नळाखाली धुतला, उपडा ठेवला आणि गेला. परीक्षा परत द्यायला आलाच नाही. रिकाम्या झालेल्या खुर्चीत दीड वर्षाने भाचा बसला, आणि बारा वर्षं त्या खुर्चीत बसून नाकाने कांदे सोलत राहिला.

नातेवाइकांत ती गोष्ट त्यानेच सांगितली होती. कीव म्हणून. "मामाचं नाक गेलं हो," लग्नाच्या पंगतीत, बारशाच्या घरी, आवाज खाली करून, डोळ्यांत नीट माप घेतलेलं दुःख आणून. मग सगळे मामाशी जरा मोठ्याने बोलू लागले, जणू बहिराच झाला. मामी सहा वर्षांपूर्वी गेली तेव्हा त्यानेच आईला सांगितलं, "मामा एकटा, वास येत नाही, गॅस उघडा राहिला तर कळायचं नाही. तू बघत जा." तेव्हापासून आई रोज संध्याकाळी पाचला धाकट्या भावाला फोन करते. बाकी काही बोलायचं असो नसो, पहिला प्रश्न ठरलेला. गॅस बंद केलास ना? आणि मामा म्हणतो, केला, ताई.

दार मामाने उघडलं. चौऱ्याहत्तरचा, बनियनवर स्वेटर घातलेला. "अरे, या वेळी? नोकरी सुटली की काय?" म्हणाला, आणि हसला, कारण त्याला काहीच माहीत नव्हतं. खोली नीटनेटकी होती. टेबलावर शब्दकोडं, वर भिंग. भाचा खुर्चीत बसला आणि आपण काय सांगायला आलो ते त्याला नीट मांडता येईना. 'मामा, आता मीही तुझ्यासारखाच' एवढंच म्हणायचं होतं, त्यात माफीही येणार होती आणि सोबतही. दोन नकटे एका खोलीत. ते म्हणण्याऐवजी त्याने बाटली काढून ठेवली. "चाखून बघ. सत्तावन्न टक्के आहे. स्वस्तातली." मामाने कपाटातून दोन ग्लास आणले, तेच जुने, पोट फुगलेले, तोंड आवळलेले. थोडी ओतली, वर बशी झाकली आणि शब्दकोड्याचा एक शब्द भरला. घाई नाही. मग बशी काढली, ग्लास हनुवटीशी आणला, नाकाशी नाही. जहाल दारूला एकदम नाक द्यायचं नसतं. डोळे मिटले.

"मका," मामा म्हणाला. "आणि भाजलेल्या शेंगदाण्याचं तांबडं साल. पिंप तरुण आहे, चारेक वर्षांचं. लाकूड अजून लाकडासारखं बोलतंय." घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. "मिरी आहे मागे. बऱ्यापैकी. आता पाणी." चार थेंब, मोजून. पुन्हा हुंगलं आणि भुवया वर गेल्या. "हे बघ, आता पिकलं केळं आलं. आधी दडून होतं. आणि शेवटी, जीभ सुकल्यावर, ओली पेन्सिल. पैशांच्या मानाने फार चांगली आहे रे. मी चौऱ्याऐंशी देईन."

तो बघत राहिला. बाकी चौघांनी जे लिहिलं होतं, जवळपास तेच शब्द, तोच आकडा. "मामा," त्याने विचारलं, "तुला वास येतो?"

"न यायला काय झालं?"

"कधीपासून?"

"जन्मल्यापासून. खुळा आहेस का?"

मग त्याने विचारलंच. त्या दिवशीचा अकराचा फरक कसा पडला ते. मामाने ग्लास खाली ठेवला आणि शब्दकोड्याचा कागद हाताने उगाच सपाट केला. "साबण होता रे एका ग्लासाला. आंघोळीचा, हिरवा, तुमच्या घरी असायचा तो. नुसता भपका. मी गुण कापले, कापायलाच हवे होते."

"मग बोलला का नाहीस?"

"ग्लास कुणी पुसले होते?"

तो टॉवेल त्याला दिसला. इतक्या वर्षांत एकदाही दिसला नव्हता आणि आता दोऱ्यासकट दिसला: पिवळा, कडेला उसवलेला, रात्रभर पोरीच्या कपाळावर पट्ट्या ठेवून झाल्यावर घाईत पिशवीत कोंबलेला. पाळी त्याची होती. ग्लास ओले होते, सुकायला वेळ नव्हता, त्याने तो टॉवेल काढून पुसले. सगळे नसतील पुसले, एकदोनच. "तुझं कायम व्हायचं होतं," मामा म्हणाला. "घरी तान्ही पोर. साबण म्हटलं असतं तर ठपका पडला असता आणि तुला काढलं असतं. कच्च्या माणसाला दुसरी संधी देत नव्हते तेव्हा. मग परत परीक्षेला गेलो असतो तर विचारलं असतं, मागल्या वेळी काय झालं. मला खोटं बोलता येत नाही. गप्प बसता येतं."

"मी सगळ्यांना सांगत फिरलो. नाक गेलं म्हणून."

"कळायचं मला. ताई फोन करते ना," मामा म्हणाला. "एक बरं झालं त्यात. रोज बहिणीचा आवाज ऐकू येतो."

तो बसून होता. कीव करायला आलेला माणूस दारातच राहिला होता, आणि जो आत बसला होता त्याला कुठे बघावं कळत नव्हतं. एकाने खरा साबण गिळून टाकला होता. दुसऱ्याने आज सकाळी स्वच्छ ग्लासाला साबण लावला होता, आणि तोही कुणासमोर? जिने खिडकीकडे तोंड करून त्याची अब्रू झाकली, तिच्या. त्याला वाटलं, आपल्याला लाज वाटते ती नाक गेल्याची नाहीच. नाक गेलं ही काही कुणाची चूक नव्हे.

"तुझा ग्लास तसाच आहे," मामा म्हणाला. "घे की. तुला काय येतंय सांग."

त्याने ग्लास उचलला, नीट, शिकवल्याप्रमाणे, हनुवटीशी. मका, शेंगदाण्याचं साल, मिरी, केळं, ओली पेन्सिल. सगळे शब्द जिभेवर तयार होते, मामाने आत्ताच सांगितलेले, त्यांवर जन्म काढता आला असता.

"काही नाही, मामा," तो म्हणाला. "आठ महिने झाले, काही येत नाही. नुसतं भाजतं."

 मामाने हात पुढे करून भाच्याच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि दोन्ही ग्लास घेऊन स्वयंपाकघरातल्या मोरीकडे गेला. पाणी तापवायचं भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा मिनिटं होती. त्याने फोन काढला. बाईंनी पहिल्याच घंटीला उचलला.

"अहवाल गेला का?"

"नाही, सर. सह्या चालल्यात."

"नववा ग्लास स्वच्छ होता."

पलीकडे कागदांची सळसळ थांबली. "पण तुम्हाला साबण लागला होता ना?"

"नाही लागला. मला काहीच लागत नाही, बाई. वास गेलाय माझा. आठ महिने तुमच्या भुवया बघून गुण देत होतो."  वाक्य नुसतं बाहेर पडलं, जुन्या घरातून सामान काढावं तसं. "तुमच्या नावापुढचा ठपका काढा. माझे दोन्ही आकडे आहेत तसे लिहा."

 बाई हळूच म्हणाल्या, "सर, मी दुपारपासून हात हुंगतेय." आणि फोन ठेवला. त्यांच्या आवाजात राग होता की नाही, त्याला कळलं नाही. असायला हवा होता.

मोरीत मामा ग्लास गरम पाण्याने विसळत होता आणि एकेक उपडा ठेवत होता. तेवढ्यात टेबलावरचा मामाचा फोन वाजला. पाच. "घे रे तू," मामा आतून म्हणाला, "माझे हात ओले आहेत." त्याने उचलला. तो हॅलो म्हणायच्या आत पलीकडून आईचा आवाज आला, सहा वर्षं रोज येतो तसाच, थोडा दमलेला, थोडा दटावणारा.

"गॅस बंद केलास ना रे?"

त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. भांड्याखाली निळी ज्योत दिसत होती आणि मामा, हात पुसता पुसता, तिच्याकडेच वाकत होता.

"आई, मी बोलतोय," तो म्हणाला. "मामाला वास येतो. गॅसचं यापुढे मला विचारत जा."